दाटवणातलं उसनं नाव

चंदगडच्या पुढे डांबरी रस्ता संपतो तिथे एसटी वळसा घेऊन उभी राहते आणि कंडक्टर मागे न बघताच विचारतो, "वेशीचं कोण हाय?" त्या दिवशी आम्ही दोघेच होतो. एक मी, आणि दुसरा आजऱ्याला चढलेला एक काजूवाला, ज्याने अर्धा प्रवास माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपून काढला होता. आम्ही उतरलो. गाडी आल्या वाटेने परत गेली आणि तिचा आवाज विरल्यावर समोर दाटवण दिसलं.

पहिल्यांदा बघताना ते रान वाटत नाही. भाताची खाचरं, त्यांच्या बांधावर काजू, आणि मग एकदम काळपट हिरवी भिंत. वेशीवरच्या लोकांनी मला नंतर सांगितलं की दाटवणाचे तीन पट्टे आहेत. आधी कारवीचं रान, त्यात वर झाडांवर राहणारी माणसं. मग सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, जिथे कुणीच राहत नाही. आणि सड्यापलीकडच्या उतारावर राई, जिथे ऊन पोचत नाही आणि तरीही वस्ती आहे. हे सगळं मी तुम्हाला क्रमाने सांगणार आहे, पण मी तिथे का गेलो ते आधी सांगायला हवं.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. आता निवृत्त आहे. आम्ही राजारामपुरीत राहतो, मी आणि माझी पत्नी कमल. आमची मुलगी सुजाता तिथल्याच एका क्लासमध्ये गणित शिकवायची. गेल्या पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजींनी माईकवरून तिचं नाव घेतलं, ते शेवटचं. त्यानंतर नातेवाईक 'ती' म्हणू लागले, शेजारी 'तुमची मुलगी' म्हणू लागले. आम्ही दोघं तर काहीच म्हणेनासे झालो. नाव घेतलं की समोरच्याचा चेहरा उतरणार हे माहीत असल्याने मी कमलला जपत होतो आणि ती मला. इतके महिने घरात ते नाव उच्चारलं गेलं नाही की ते ऐकायला कसं वाटतं हेच मी विसरत चाललो होतो.

दाटवणाची रीत मला ऐकून माहीत होती. रानात शिरताना आपलं नाव वेशीवर ठेवायचं, दुसऱ्या कुणाचं तरी उसनं घ्यायचं आणि आत असेपर्यंत त्याच नावाने वावरायचं. आत माणसं सारखी एकमेकांना हाका मारत असतात. मला झाडं बघायची नव्हती. कुणीतरी 'सुजाता' म्हणून मोठ्याने हाक मारलेली मला ऐकायची होती.

कमलला मी रान बघून येतो एवढंच सांगितलं. तिने भाकरी, झुणका आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि दारात म्हणाली, "परत या." लवकर या असं नाही म्हणाली.

वेशीवर एक जुनं जांभळाचं झाड आहे. त्याच्या बुंध्याभोवती मातीची गाडगी मांडलेली, काहींच्या तोंडाला पळसाचं पान बांधलेलं. ते सांभाळणाऱ्या म्हातारीला सगळे अव्वा म्हणतात (कर्नाटकाकडच्या बाजूला आई-आजीला अव्वा म्हणायची पद्धत आहे). तिने एक रिकामं गाडगं माझ्या तोंडाशी धरलं.

"नाव बोला पावणं."

"यशवंत."

"ह्ये कुठं वापरता?"

"सहीपुरतं."

"मग हाका कशानं मारत्यात?"

मी सांगितलं. कॉलेजात सर म्हणायचे, गल्लीत काका म्हणतात, बायको अहो म्हणते. काजूवाला हसला. म्हणाला, "अहो तर माझंबी नाव हाय की." अव्वाने सर आणि काका गाडग्यात घेतले. अहो राहू दे म्हणाली, ते सगळ्या नवऱ्यांचं मिळून एकच असतं, त्याने कुणाला फसवता येत नाही. मग तिने माझ्याकडे नीट बघून विचारलं, आणखी कुठलं राहिलंय का.

मी नाही म्हणालो. एक राहिलं होतं. अप्पा. पण अप्पा म्हणणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते आता नव्हतं. वापरात नसलेलं नाव कशाला सांगायचं, असं मला वाटलं.

ही सगळी खबरदारी चकव्यासाठी. आपल्याकडे शेतातून परतताना वाट सापडेना, फिरून फिरून त्याच बांधावर आलो, की चकवा लागला म्हणतात. दाटवणातला चकवा वाटेला हात लावत नाही. तो हाक मारतो, ओळखीच्या आवाजात आणि खऱ्या नावाने. जो त्या हाकेमागे जातो तो राईच्या पोटात कुठेतरी हिंडत राहतो, आणि तिथली माणसं म्हणतात की तो दुःखात नसतो, हेच त्यातलं वाईट आहे. म्हणून खरं नाव आत न्यायचं नाही. म्हणून सोबतच्यांनी सारखी उसन्या नावाने हाक मारायची, आणि हाक आली की 'ओ' द्यायची. ओ देणारा आपल्यात आहे असं धरायचं.

काजूवाल्याने स्वतःसाठी त्याच्या वारलेल्या बैलाचं नाव घेतलं, सर्ज्या. बैलाचं चालतं का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "का न्हाय? त्यो माझ्यासाठी राबला, आता मी त्येच्या नावानं राबतो." वाटाड्या म्हणून हौसाक्का येणार असं कळल्यावर मी एखाद्या बाईची वाट बघत होतो. आला तो गमबूट घातलेला, जाड मिशांचा, पन्नाशीचा गडी. हौसाक्का ही त्याची आजी.

माझी पाळी आली. मी "सुजाता" म्हणालो. अव्वाने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि शेतातून हाक मारावी तशी मारली. "सुजाताऽऽ!"

खाचरांवरचे बगळे उडाले. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"ओ द्या की," ती म्हणाली.

मी ओ दिली.

कारवीच्या रानात वाट माणसाच्या रुंदीची आहे. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली कारवी, आणि तिच्यातून उठलेले ऐन आणि किंजळ. या झाडांच्या बेचक्यांत मध काढणाऱ्या मधाळ्यांची घरं आहेत. कारवी सात वर्षांनी फुलते, आणि तिचा मध जमवून संपेपर्यंत हे लोक जमिनीला पाय लावत नाहीत. त्यामुळे काही मुलं चालायच्या आधी चढायला शिकतात. रानाला आवाज ऐकू जाऊ नयेत म्हणून मधाळे शीळ घालून बोलतात. हौसाक्काने आमची नावं वर कळवली, आणि थोड्या वेळाने दोरीला बांधलेल्या द्रोणातून पोळ्याचा तुकडा खाली आला. त्याचबरोबर वरून एक शीळ आली, तीन सुरांची, मधला सूर लांबवलेला.

"ही तुझी," हौसाक्का म्हणाला. "सुजाता अशी वाजती."

नाव घेतल्यापासून तो मला अगं-तुगं करत होता. दाटवणात तशीच रीत आहे, आणि तिथे कुणी त्याला हसत नाही. बासष्ट वर्षांच्या, चष्मा घातलेल्या माणसाला तो सांगत होता, "अगं सुजा, पायाला जळू लागलीय बघ," "सुजे, पाणी पिऊन घे, बाई." सर्ज्याला तो ओढा आला की "हो हो" करायचा आणि सर्ज्याही मान हलवून थांबायचा. मध खाताना हात चिकट झाले, ते मी विजारीला पुसले, तर हौसाक्काने मला आजीच्या थाटात झापलं.

त्या दिवशी मी फार आनंदात होतो. हे लिहायला संकोच वाटतो, पण तसंच होतं. मी मुद्दाम मागे राहायचो. वळणाआड थांबायचो, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायचो. मग पुढून हाक यायची, "सुजाऽऽ!" मी लगेच ओ देत नसे. दुसरी हाक येऊ द्यायची, तिसरी येऊ द्यायची, आणि मग ओ. हौसाक्काला वाटलं मला दम लागतोय. त्याने माझी पिशवी घेतली.

रात्री मधाळ्यांच्या मचाणावर झोपलो आणि सकाळी सड्यावर चढलो.

झाडं संपतात आणि एकदम सगळं आकाश अंगावर येतं. पायाखाली तांबडा-काळा कातळ, त्याच्या खळग्यांत साचलेलं पाणी, आणि पाण्याच्या कडेने निळी-पिवळी इवलीशी फुलं. इथली भीती म्हणजे धुक्याचे गवे. गवा आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण हे तसे नव्हेत. दरीतून धुकं वर येतं, त्याला आधी पाठीचा उंचवटा फुटतो, मग शिंगं, आणि बघता बघता कळप होऊन ते सड्यावरून चालू लागतं. धुक्याचे असले तरी त्यांना वजन असतं. उभ्या माणसाला तुडवतात. आडव्या माणसावरून नुसते निघून जातात.

आम्ही पालथे पडलो. गारवा पाठीवरून गेला, कुणीतरी ओली गोधडी टाकून हळूहळू ओढून न्यावी तसा. कातळ खालून थरथरत होता. सर्ज्या माझ्या शेजारी पुटपुटत होता की त्याचा बैल असता तर शिंगाला शिंग लावून उभा राहिला असता.

कळप गेला, पण मागे साधं धुकं राहिलं. पुढचे दोघे उठून चालू लागले. मी सवयीप्रमाणे मागे राहिलो, हाक यावी म्हणून.

हाक आली, पण मागून आली.

"अप्पा, टॉवेल राहिला."

तिचाच आवाज. सुजाता अंघोळीला जाताना टॉवेल न्यायला विसरायची. शाळेत असल्यापासून शेवटपर्यंत. बंद दाराआडून अशीच हाक यायची, जराशी वैतागलेली, जणू टॉवेलच तिला विसरला होता. मी दोरीवरचा टॉवेल काढून दाराच्या फटीतून द्यायचो. चकव्याने काही मोठं बोलून दाखवलं असतं तर मी सावध झालो असतो. त्याने टॉवेल मागितला.

मी वळलो. मला घाई नव्हती, भीती नव्हती. उलट फार दिवसांनी घरी निघाल्यासारखं वाटत होतं. सड्याची कड आली. खाली राईचे शेंडे दिसत होते.

"अप्पा, द्या ना."

मग दुसऱ्या बाजूने हौसाक्काचा आवाज आला, "सुजाऽऽ!" मागोमाग सर्ज्याचाही, "सुजा! ए सुजा!" मला वाटलं, हेही तिलाच हाक मारतायत. म्हणजे तिला सगळे ओळखतात, म्हणजे ती इथेच आहे. ते तिला बोलावतायत, ती मला बोलावतेय. सगळं किती सरळ होतं. मला फक्त चार पावलं टाकायची होती. ते दोघं ओरडत राहिले. मी त्या हाकांना ओ द्यायची काही गरजच नव्हती, ओ तिने द्यायची होती. मी तिच्या ओची वाट बघत उभा राहिलो.

ती ओ देईना. नुसती अप्पा म्हणत राहिली.

ती अशी नव्हती. कुणीही हाक मारली तरी हातातलं काम टाकून ओ देणारी मुलगी होती. क्लासमधल्या पोरांनी रस्त्यापलीकडून हाक मारली तरी थांबायची.

"सुजे," सर्ज्या कळवळून ओरडला, "वो दे की गं, बाई!"

मला तेव्हा समजलं की ओ माझ्याकडूनच हवी आहे. ओ दिली तर इथली सुजाता मी. मग ती तिकडे खाली कुणी नाही. ओ दिली नाही, तर ती आहे. मला आठवतं, मी कितीतरी वेळ तोंड उघडून उभा होतो. कमलने दारात 'परत या' म्हटलेलं मला आठवलं, आणि तिने ते कशासाठी म्हटलं तेही पहिल्यांदा लक्षात आलं. ती घरात एकटी होती, आणि तिला हाक मारणारं आता माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"ओ," मी म्हणालो.

खालचा आवाज अर्ध्यात थांबला.

धुक्यातून हौसाक्का धावत आला आणि त्याने माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर वळ उठले. कुठलं नाव ठेवायचं राहिलं होतं, ते त्याने विचारलं. मी सांगितलं. तो चिडला, मिशा थरथरत होत्या.

"मग ते अव्वाला सांगायचं न्हाय व्हय?"

"तसं म्हणणारं आता कुणी नाही."

"म्हणून तर," एवढंच तो म्हणाला. मग त्याने खळग्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, मला त्यात अप्पा म्हणायला लावलं आणि आपल्या चंबूत ओतून झाकण लावलं. वेशीपर्यंत ते त्याने स्वतःजवळ ठेवलं. सर्ज्याने मला काजूगर दिले. त्यानंतर मी मागे राहिलो नाही. दोघांच्या मध्ये चाललो.

राईत दिवसाही संध्याकाळ असते. झाडांची मुळं माणसाच्या उंचीची, आणि त्यांच्या आडोशाला तळकऱ्यांची वस्ती. हे लोक ठेंगणे, फिकट, मोठ्या डोळ्यांचे. त्यांच्यात नावच नसतं, मूल जन्मलं तरी ठेवत नाहीत. चकव्याला धरायला काही द्यायचंच नाही, असा त्यांचा हिशेब. त्या वेळी माणूस जे करत असेल त्यावरून त्याला बोलावतात. पाणी आणणारी, लाकूड फोडणारा. काम बदललं की हाक बदलते. काजूच्या बदल्यात ते वाळवलेली अळंबी देतात, त्यासाठीच सर्ज्या दरवर्षी येत होता.

आम्हाला तांबड्या तांदळाचा भात आणि अळंबीचं कालवण मिळालं. तिखट अजिबात नव्हतं. सर्ज्याने आजऱ्याहून आणलेल्या मिरच्या पिशवीतून काढल्या आणि तो त्या खात असताना तळकऱ्यांची पोरं त्याच्याकडे जत्रेत बघावं तशी बघत बसली.

भात वाढणाऱ्या बाईला मी विचारलं, मेलेल्या माणसाला तुम्ही काय म्हणता? ते तर काहीच करत नसतं. ती म्हणाली, ज्यावरून ते जास्त आठवतं ते म्हणतो. तिची आई 'दार उघडं टाकणारी' होती. मेल्यावरही तीच आहे. मग तिने मला विचारलं, तुझं कोण?

मी हौसाक्काकडे बघितलं. त्याने मान डोलावली.

"टॉवेल विसरणारी," मी म्हणालो.

टॉवेल त्यांना कळेना. हौसाक्काने समजावून सांगितलं. मग चुलीभोवतीच्या बायका आपसात म्हणून बघू लागल्या, अंग पुसायचं विसरणारी, अंग पुसायचं विसरणारी. त्यांना फार हसू आलं. एकीने विचारलं, मग ओलीच हिंडायची काय गं ती? मी म्हणालो, नाही, मी द्यायचो. आणि मीही हसलो. सुजाता गेल्यापासून तिच्यावरून हसण्याची ती पहिलीच वेळ होती.

परतीची वाट राईच्या कडेने ओढ्यातून होती. जळवांखेरीज काही घडलं नाही.

वेशीवर अव्वाने मला यशवंत, सर आणि काका परत दिले. हौसाक्काने चंबू पुढे केला, तेव्हा तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. अप्पाही मी घेतलं. मग तिने रिकामं गाडगं धरलं आणि उसनं नाव ठेवायला सांगितलं.

मी विचारलं, ठेवलंच पाहिजे का.

"बाहीर तुमास्नी तुमचं हाय की. ह्ये रानातलं. ठिवलं म्हंजे गेलं न्हाय, वापरात ऱ्हातंय."

मी गाडग्यात तोंड घालून ते नाव घेतलं. तिने पान बांधलं.

एसटीला वेळ होता. मी काजूच्या सावलीत बसून होतो, तेवढ्यात दोडामार्गाकडून आलेली एक बाई वेशीवर पोचली. तिची बहीण कारवीच्या रानात दिली होती. घाईत ती नाव ठरवून यायला विसरली होती. अव्वाने हाताशी आलेलं गाडगं उचललं आणि पान सोडलं. ते माझंच होतं.

थोड्या वेळाने कारवीतून हौसाक्काची हाक ऐकू आली. "सुजाऽऽ, खाली बघ गं बाई, चिखल हाय!"

ओ माझ्या ओठांवर आली होती. पण आतून त्या बाईने ओ दिली, खणखणीत आवाजात. एसटी आली तेव्हा कंडक्टरला मला दोनदा हाक मारावी लागली.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. रस्त्यावर क्लास सुटल्याची गर्दी होती. कमलने दार उघडलं, माझ्या पायांवरचे जळवांचे डाग बघितले आणि पाणी तापवायला ठेवलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तिला सगळं सांगितलं, मधाळे, गवे, तळकरी. सड्याच्या कडेचंही सांगितलं, फक्त नाव घेतलं नाही. ती माझ्याकडे पाठ करून ऐकत होती. इतक्या लांब जाऊन मी एवढंच शिकून आलो होतो, की नाव घेतलं की ते संपत नाही, न घेतलं की संपतं. पण हे तिला कसं सांगायचं, ते मला येत नव्हतं.

तिनेच विचारलं, "कुणाचं नाव घेतलं होतं तुम्ही?"

तिला कळलं होतं.

"कशी मारायचे हाक?"

"मोठ्याने. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत."

मी अव्वासारखे दोन्ही हात तोंडाशी धरले. आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, उघड्या खिडकीसमोर उभं राहून मी हाक मारली.

"सुजाताऽऽ!"

खालच्या रस्त्यावर कुणीतरी वर पाहिलं. पातेल्यात पाणी उकळत होतं. कमलने पदराने डोळे टिपले, गॅस बारीक केला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली,

"ओ."